बायकांच्या फाटकावरची झडती

आई, कारखाना गेला. बंद पडला म्हणायचं नाही, स्थलांतर झालं म्हणायचं, असं आम्हाला शेवटी शेवटी बजावून सांगितलं होतं. पण काल मी एसटीतून उतरले आणि घरी न जाता माळावर चालत गेले. शेडचे पत्रे नेलेत, खिडक्यांच्या चौकटी नेल्यात, आपलं बायकांचं फाटकसुद्धा बिजागऱ्यांसकट उपटून नेलंय. इतकं जुनं फाटक तिकडं कशाला लागणार आहे, हे मला कळलं नाही. नेणाऱ्यानं मधेच भंगारात घातलं असेल. मला आता साध्या गोष्टीवरही विश्वास बसत नाही, आणि घरात सगळे म्हणतात, ही आईवर गेली.

तुझं कामच तसं होतं. निजामाच्या काळात मालकांच्या पणजोबांनी जहागीरदारांच्या शिकारी बंदुका दुरुस्त करायला तामलवाडीच्या माळावर भट्टी घातली, तिथून हा कारखाना वाढला. एकनळी, दुनळी सगळीकडं जायची. सोलापुरात बँकेच्या दारात रखवालदार दिसला की तू त्याच्या खांद्यावरच्या बंदुकीला वाकून आपला ठसा शोधायचीस, आणि तो बिचारा दोन पावलं मागं सरायचा. बंदुकीचा कारखाना म्हटल्यावर सुटताना प्रत्येकाची झडती. पुरुषांची उघड्यावर, बायकांची पत्र्याच्या खोलीत, पडद्याआड. भिंतीकडं तोंड करून हात वर धरायचे, आणि तू पदरापासून पायताणापर्यंत हात फिरवायचीस. मी दस्त्याच्या खात्यात लागले तो पहिला दिवस मला अजून स्वच्छ दिसतो. बंदुकीचा मागचा लाकडी दस्ता कागदानं घासायचा आणि त्याला जवसाचं तेल चोळायचं, असं काम. संध्याकाळी मी रांगेत उभी आहे, अंगभर भुसा, आणि माझी पाळी येते तसं मला हसू फुटतं. सकाळी जिनं वेणी घालून दिली, तीच आता वेणीत बोटं घालून बघणार. तू हसली नाहीस. "इथं मी तुझी आई न्हाय. हात वर कर," म्हणालीस, आणि इतरांपेक्षा जास्त वेळ लावलास. घरी आल्यावर माझ्या भाकरीवर लोण्याचा गोळा मात्र मोठा ठेवलास.

आता त्या मावशीचं लिहिते. तू असताना तिचं नाव घरात निघत नव्हतं, म्हणून आताही मावशीच म्हणते. नळदुर्गकडची, घरात कानडी बोलणारी, नळ्या पुसायच्या खात्यात होती. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही दोघी लिंबाखाली बसायच्या. तिची कडक भाकरी, आपली शेंगदाण्याची चटणी. तिला बोलायची भीती नव्हती. तान्ह्या पोरांसाठी एक खोली द्या, पाळणे बांधू द्या, म्हणून ती बायका घेऊन थेट मालकांच्या दारात गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत झडतीत तिच्या अंबाड्यात पिन सापडली. काडतुसाच्या बुडावर आपटते ती, बोटाच्या पेराएवढी. ती तुला सापडली. मावशीला त्याच पावली काढून टाकलं. पोलिसांत दिलं नाही हे उपकारच समज, असं तिला सांगण्यात आलं. त्या संध्याकाळी तू चुलीपाशी उखळात शेंगदाणे कुटत होतीस. मी विचारलं, मावशी असं करंल का गं. तू कुटतच राहिलीस. कूट झालं, त्याला तेल सुटलं, तरी हात थांबेना. मग म्हणालीस, "माझ्या हाताला लागली. एवढंच मला ठावं." इतकी वर्षं मी ते वाक्य जसंच्या तसं धरून बसले होते. त्यात दुसरा काही अर्थ असेल असं कधी मनात आलं नाही.

तू थकलीस आणि तुझी जागा मला मिळाली. तुझ्यामागंही मी त्याच खोलीत उभी राहिले. मग एके वर्षी अक्रोडाचं लाकूड यायचं थांबलं. परगावची माणसं येऊन यंत्रांवर खडूनं खुणा करून गेली. विचारलं तर म्हणाले, रंग द्यायचाय. रंग द्यायला कुणी यंत्राच्या बुडाचे बोल्ट मोजत नाही. पुढं मालकांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की परवान्याचे नियम बदललेत, दुसऱ्या राज्यात असल्या कारखान्यांसाठी वेगळी वसाहत झालीय, तिकडं जावं लागणार. ज्याला यायचं त्याला तिथं काम पक्कं. चहाच्या टपरीवर मात्र ज्याचं त्याचं वेगळं. हमरस्त्याची जागा आहे, हॉटेल होणार, असं एक म्हणायचा. देवीला येणाऱ्या भाविकांसाठी लॉज, असं दुसरा. मी दोघांचंही धरलं नाही आणि मालकांचंही नाही. कोण कुणाच्या गाडीतून उतरतंय, कोण ऑफिसात चहा पिऊन आलंय, हे बघत राहिले. घरी नवरा म्हणायचा, तू माणसं बघतेस की चोर बघतेस.

दस्त्याच्या खात्यात एक तिशीतली पोरगी होती. नवरा ट्रकवर, घरात सासू, आणि तोंडानं फटकळ. तिनं बायकांना सांगितलं, नुसत्या शब्दावर सही करायची नाही. तिकडं काम कुठलं, राहायचं कुठं, हे लिहून घ्यायचं. बायका अडल्या, त्यांच्या मागं पुरुषही अडले. त्याच आठवड्यात मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हे नवे मॅनेजर, वयानं माझ्याहून लहान, आवाज कधी चढत नाही. मला बसायला लावलं, चहा मागवला. तुमच्या आईंचं नाव इथं अजून काढतात, म्हणाले. मला बरं वाटलं. मग म्हणाले, "कारखान्याची अडचण त्यांनी एकदा बरोबर ओळखली होती, बाई." आणि कागदाची एक पुडी माझ्याकडं सरकवली. "आज त्या पोरीला नीट बघा. केसबिस बघा." एवढं बोलून ते फोनवर बोलायला लागले. पुडीत काय आहे ते मी उघडायच्या आधीच बोटांना कळलं.

आई, त्या केबिनमधून बाहेर पडताना मला त्या पोरीची काळजी वाटायला हवी होती. मला उखळाचा आवाज ऐकू येत होता. तुलाही असंच बोलावलं होतं का? असाच चहा दिला होता का?

संध्याकाळी ती पोरगी खोलीत आली, भिंतीकडं तोंड करून हात वर केले. मी झडती घेतली आणि जा म्हणाले. ती गेली. दुसऱ्या दिवशी माल हलवण्याआधीच्या मोजदादीला पोलीस खात्याचे अधिकारी आले होते. नळ्या, घोडे, पिना, सगळं टेबलांवर मांडलं होतं. मालक होते, मॅनेजर होते. मी आत गेले आणि पुडी टेबलावर ठेवली.

"साहेब, ही एक तुमच्या मोजणीत धरा."

"कुठं सापडली?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"सापडली न्हाय. काल मॅनेजरसाहेबांनी दिली. एका बाईच्या केसात बघा म्हणाले."

मला वाटलं होतं, आता मॅनेजरांचा चेहरा उतरेल. तो उतरला नाही. ते शांतपणे म्हणाले, की हलवाहलवीच्या दिवसांत फाटकावरची माणसं पारखून घ्यावी लागतात. ही परीक्षा होती, आणि या बाई पास झाल्या. अधिकाऱ्यांनी मान हलवली, पिन इतर पिनांत ठेवली आणि मोजणी पुढं सुरू केली. मालकांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्याच दुपारी सगळ्यांना जमवून मला शाल आणि नारळ दिला. तिकडच्या फाटकावरही झडतीला हीच बाई असेल, असं मॅनेजरसाहेबांनी जाहीर केलं. टाळ्या वाजल्या, त्या पुरुषांच्या बाजूनं. बायका माझ्या हातातल्या शालीकडं बघत होत्या.

सुटताना त्या पोरीनं मला गाठलं आणि यांनी तुम्हाला ही शाल कशाबद्दल दिली, असं विचारलं. मी तिला सगळं सांगितलं, केबिन, पुडी, अधिकारी. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग काल झडती घेताना मला का सांगितलं न्हाय?" मी फाटकाची कडी लावायला वळले. ती निघून गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून बायका माझ्यापुढं डबा आपणच उघडून धरायला लागल्या. मी काही त्यात टाकीन म्हणून.

खरोखर परीक्षाच होती का, यावर मी किती विचार केला म्हणून सांगू. परीक्षा असेल तर एका विशिष्ट पोरीचंच नाव कशाला? आणि नसेल, तर इतकं तयार उत्तर त्यांच्या तोंडात आलं कुठून? पण यापेक्षाही वाईट विचार पुढं आला. तुझीही परीक्षाच असेल तर? तुला नुसतं पारखत असतील, आणि तू मुकाट्यानं सांगितल्याप्रमाणं केलंस, आणि ते फुकटातच मावशीवर शेकलं, असं असेल तर? हे मला कुणीच सांगू शकत नव्हतं. म्हणून काल मी नळदुर्गला गेले, मावशीकडं.

ती मुलाच्या घरी असते. नजर अधू झालीय, पण मी नाव सांगितल्यावर तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला. "बा, कूत्को," म्हणाली. ये, बस. मला वाटलं होतं, हाकलून देईल. तू दर वर्षी तुळजापूरला जाते म्हणून सांगून निघायचीस, ती पुढं नळदुर्गला उतरायचीस, हे मला तिच्याकडून कळलं. सुरुवातीला ती तुला दार उघडत नव्हती. तू ओट्यावर बसायचीस आणि गाडीच्या वेळेला उठून जायचीस. पुढं पुढं तिनं उघडलं. काय बोलायचात, म्हणून मी विचारलं. पोराबाळांचं, म्हणाली. त्या दिवसाचं कधीच नाही. मग तीच आपण होऊन म्हणाली, की आदल्या दिवशी लिंबाखाली तू तिला सांगितलं होतंस, उद्या अंबाडा घालू नको, वेणी घालून ये. तिला वाटलं, अंबाड्याचे आकडे बोटांना टोचतात म्हणून सांगतेयस. ती हसली आणि दुसऱ्या दिवशी अंबाडाच घालून आली.

मी शेवटी विचारलंच. "मावशी, पिन आईनंच घातली का?"

"माझं तोंड भिंतीकडं होतं, बाळा," ती म्हणाली. "तिचा हात केसात होता. मला काय दिसणार?"

तिची सून तेवढ्यात चहा घेऊन आली आणि विषय गेला. परतीच्या गाडीत मी सारखी तेच उलटसुलट करत होते. तू सांगितलंस हे खरं असेल, तर तुला आधीच माहीत होतं. माहीत असून तू दुसऱ्या दिवशी कामावर गेलीस. का मावशीनं मला बरं वाटावं म्हणून आत्ता हे रचलं? म्हातारी माणसं मेलेल्यांसाठी असं करतात. तुझ्यावरही विश्वास नाही आणि तुला सोडवणारीवरही नाही, अशी माझी गत झालीय.

बाकीचं थोडक्यात. काम कुठलं ते अखेर लिहून मिळालं, बायकांनी सह्या केल्या, आणि जायचं त्या गेल्या. ती पोरगीही सासूला घेऊन गेली. मी गेले नाही. मॅनेजरांची मेहेरबानी मला नको होती, असं मी घरी सांगितलं, आणि ते खोटं नाही. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. काम आहे म्हणाली, खोलीत ओल आहे, पाणी जड आहे. आणि मग म्हणाली, "बरं झालं तुम्ही आला न्हाय. इथं झडतीला बाईच न्हाय. दारातून चाललं की मशीन वाजतंय." म्हणजे शाल देताना सांगितलं तेही खोटंच होतं. मी हसले, तीही हसली. झडतीच्या वेळी का सांगितलं नाही, हा प्रश्न तिनं पुन्हा काढला नाही.

त्याचं उत्तर मी तुला सांगते, कारण तू वाचणार नाहीस. वाचणार असतीस तर हे लिहिलंच नसतं. त्या संध्याकाळी तिच्या केसात माझा उजवा हात होता आणि पिन डाव्या मुठीत. मी ठरवून आले नव्हते, काहीच. मूठ सैल होत होती, एवढं मला कळत होतं. तेवढ्यात लाकडाचा भुसा नाकात जाऊन ती पोरगी शिंकली. डोकं माझ्या हातातून निसटलं, ती "माफ करा बाई" म्हणाली, आणि मी तिला जा म्हणाले. ती शिंकली नसती तर मी काय केलं असतं, ते मला माहीत नाही.