संत लुसीचं तबक

२० नोव्हेंबर १९८७
पिंपळनेरला एस.टी.तून उतरले, तिथून मिशनच्या जीपने इथवर. कुठे वसईची आमची वाडी नि कुठे हे सागाचं रान! दवाखाना दोन खोल्यांचा, पण लख्ख. स्वयंपाकाच्या केसरबाईंनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरी भाकरी मागून घेतली. नर्सबाई टिकेल, असं त्या कोणालातरी सांगत होत्या.
चॅपेलमध्ये डोळ्यांची आश्रयदाती संत लुसी आहे. तिच्या हातातल्या तबकात दोन निळे डोळे. छळणाऱ्यांनी तिचे डोळे काढले आणि देवाने तिला दृष्टी परत दिली, अशी कथा. लहानपणी वसईला मी अशाच मूर्तीला फार घाबरायची.

२९ नोव्हेंबर
फादर नाशिकला गेलेत, १३ डिसेंबरच्या संत लुसीच्या सणापर्यंतच्या प्रार्थना माझ्याकडे. लोकांना सांगितलं, स्वतःसाठी मागू नका, दुसऱ्यासाठी मागा. गावातल्या द्रौपदाबाईंनी आंधळ्या नवऱ्यासाठी, सुकदेवआबांसाठी, मेणबत्ती लावली, कौतिकने डोळे गेलेल्या आईसाठी. केसरबाईंची नात जन्मांध आहे. कडेवर घेतलं की माझं तोंड चाचपत बसते. तिच्यासाठी मी लावली.

३ डिसेंबर
सुकदेवआबांना दिसू लागलं! द्रौपदाबाईंचा हात धरून दवाखान्यात आले. मी आनंदाने आबांचेच डोळे तपासत बसले. मग लक्षात आलं, या वेळी हात आबांनी धरला होता. त्यांना नाही, बाईंना वाट दाखवायला.
"माले बठ्ठा अंधार शे, बाई," एवढंच त्या म्हणाल्या.

६ डिसेंबर
द्रौपदाबाईंना धुळ्याला नेलं. डॉक्टर म्हणतात, डोळ्यांत काहीच दोष नाही.
आल्यावर मूर्ती पुसायला घेतली. तबकातले डोळे निळे नाहीत. घारे आहेत. द्रौपदाबाईंचे घारे आहेत.
रंग उडाला असेल.

८ डिसेंबर
कौतिकची आई सुईत दोरा ओवते आहे. कौतिकची बैलगाडी भरदुपारी नाल्यात गेली. त्याला नाला दिसलाच नाही.
मूर्तीकडे गेले. डोळे काळे झालेत, आणि ओले.
हे संत लुसीचं काम नाही. ती देणारी आहे. मग तिच्या तबकात येऊन कोण घेतंय?

९ डिसेंबर
दुसऱ्यासाठी मागा, असं मीच शिकवलं. चॅपेलला कुलूप लावलं. लोक दाराबाहेर बसून प्रार्थना करतात. हाकललं, तर माझ्याकडेच दयेने बघतात.
आणि माझी मेणबत्ती—

१० डिसेंबर
पोर खिडकीकडे वळली. उजेडाकडे.
केसरबाई रडत माझ्या पाया पडल्या, "पोरले दिखस, बाई!" मी पाय मागे घेतले. त्यांना काय सांगू?

११ डिसेंबर
कुलूप काढून आत गेले. गुडघे टेकले. माझं मागणं परत घे, असं म्हणायचं ठरवलंच होतं. केसरबाई मागोमाग आल्या, पोर कडेवर. तिने माझं तोंड चाचपलं नाही. नुसती बघत राहिली, आणि हसली.
ते म्हणणं झालंच नाही.
तबकाकडे बघायची हिंमत झाली नाही.

१२ डिसेंबर
अक्षरं पुसट. चष्मा पुसला. पुन्हा पुसला—
ओळीवर ओळ चढते आहे बहुतेक. बोटाने कागदाची कड धरून लिहिते—

१३
सण आज. घंटा ऐकली.
केसरबाई म्हणतात, बाई, अंगणात या, काय छान ऊन पडलंय.
अंगणात येऊन बसले. ऊन गालाला लागतंय. कोणीतरी अगदी तोंडाजवळ उभं आहे. केसरबाई नाहीत, त्या चुलीपाशी बोलताहेत. पापणीवर थंडगार बोट—