बावीस खुंट्यांचा रस्ता

तीर्थरूप काकांना, आणि काकांच्या आधी हे पत्र फोडून वाचणाऱ्या काकूंना, दोघांच्याही पायांवर डोकं ठेवून नमस्कार (काकांच्या गुडघ्यांना धक्का न लावता).

आधी रक्तदाब कसा आहे ते कळवा. गुडघ्यांचं सावकाश कळवलंत तरी चालेल. ताई गोळ्या वेळेवर देते की नाही, आणि दिल्या तर तुम्ही त्या गिळता की खिडकीबाहेर टाकता, हेही कळवा. इकडे मी मजेत आहे आणि तुमचं घरही मजेत आहे. स्वयंपाकघरातला नळ गळायचा थांबलेला नाही, पण खाली पातेलं ठेवल्यापासून तो गळतोय असं वाटत नाही, पाणी भरतोय असं वाटतं. गॅरेजमधली तुमची गाडी दर रविवारी फडक्याने पुसतो. नऊ वर्षांत ती जागची हललेली नाही, तरी पुसून झालं की तुम्ही बजावल्याप्रमाणे एकदा चावी फिरवून बघतो. ती एकदा खोकते आणि गप्प बसते. तिचा स्वभाव आता मला कळला आहे.

मुख्य बातमी अशी की ऑफिसने मला रस्ता दिला. पाच वर्षं मी नगररचना खात्यात दुसऱ्यांच्या नकाशांवर उत्तर दिशेचा बाण काढत होतो (बाण मी फार सुंदर काढतो, हे साहेबांनीही मान्य केलं आहे). आता पहिल्यांदा अख्खा रस्ता माझ्याकडे, आणि तोही आपल्याच वसाहतीच्या मागचा. आपल्या मागच्या कुंपणांपासून खोक्यांच्या कारखान्याच्या भिंतीपर्यंत तो लांबलचक पडीक पट्टा तुम्हाला आठवत असेलच, जिथे सगळी वसाहत चादरी वाळत घालते आणि सगळा कारखाना मोडकी फळकुटं टाकतो. कारखान्याचे ट्रक अजून आपल्या गल्लीतूनच जातात. गेल्या महिन्यात एकाने आपल्या निवृत्त मुख्याध्यापकांच्या फाटकाचा खांब नेला. नेला म्हणजे अक्षरशः नेला, तो पुढच्या चौकात सापडला. शाळा सुटली की पोरं भिंतीला पाठ लावून उभी राहतात आणि ट्रक गेला की पुन्हा चालायला लागतात. म्हणून या पट्ट्यातून जोडरस्ता काढायचा, म्हणजे कारखान्यांची आणि गल्ल्यांची वाहनं गोळा करून परस्पर हमरस्त्याला नेऊन सोडायची. साहेबांची अट एकच. हरकतींची मुदत या महिनाअखेर संपते. तोवर एकही हरकत शिल्लक राहिली नाही, तर याच वर्षी काम सुरू. एक जरी राहिली तरी फाईल कपाटात. त्या कपाटातून मागची फाईल बाहेर आली तेव्हा ती आत ठेवणारा माणूस निवृत्त झाला होता. फाईलच्या सोबतीला मलाही रेकॉर्ड रूममध्ये बसवतील, ते वेगळंच.

तर मी कामाला लागलो. लाल टोकाच्या बावीस लाकडी खुंट्या रस्त्याच्या मध्यरेषेवर स्वतःच्या हाताने ठोकल्या. पहिली हमरस्त्याजवळ, बाविसावी आपल्या गल्लीच्या टोकाला, जिथे रस्त्याचं तोंड उघडायचं. मग पाण्याच्या टाकीखाली वसाहतीची सभा घेतली आणि तिथे आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली. कुणीतरी विचारलं, रस्ता नक्की कुठून जाणार? मी ऐटीत म्हणालो, ‘खुंटी जिथे, रस्ता तिथे.’ वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की संध्याकाळी कारखान्याच्या मॅनेजरांनाही जाऊन ऐकवलं.

दुसऱ्या दिवसापासून वसाहतीची तब्येत सुधारायला लागली. सकाळी फिरायला चार जण जायचे, ते चौदा झाले. ज्यांच्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते तेही काठ्या घेऊन पट्ट्यात हजर. मला वाटलं, रस्ता होण्याआधीच लोकांना चालायची गोडी लागली, आणि (काय सांगू काका) मी हे ऑफिसात फोन करून अभिमानाने सांगितलंसुद्धा. प्रत्यक्षात प्रत्येक जण आपल्या घराच्या मागे आला की बुटाची नाडी बांधायला वाकायचा आणि खुंटी उपटून वीतभर पलीकडे, कारखान्याच्या बाजूला रोवायचा. मुख्याध्यापक तर चपला घालतात, पण नाडी बांधायला त्यांनाच सर्वांत जास्त वेळ लागायचा. वसाहत मोठी सभ्य, एका वेळी वितीच्या वर कुणी गेलं नाही. दुपारी जेवणाची सुट्टी झाली की कारखान्याचा वॉचमन बाहेर यायचा आणि मॅनेजरांच्या हुकमाप्रमाणे कारखान्याच्या भिंतीसमोरची प्रत्येक खुंटी एक बूटभर अलीकडे आणायचा. त्याच्या बुटाचं माप मोठं, पण त्याला दिवसाआड सुट्टी. असं आठ दिवस चाललं. कुणी कुणाला पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर आपणही दिसलो असतो.

या आठ दिवसांत मी कुठे होतो, असं तुम्ही विचाराल. मी दाढदुखीने अंथरुणावर होतो. इथे नर्सबाईंबद्दल लिहायलाच हवं. आपल्या गॅरेजच्या समोर, गल्लीच्या टोकावर राहतात त्याच. तुम्हाला इंजेक्शन देताना ‘ओरडायचं तर बाहेर जाऊन ओरडा’ म्हणाल्या होत्या. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी घरामागच्या खोलीत त्या रोज संध्याकाळी मलमपट्टी करतात, वसाहतीची आणि कारखान्याचीही. पुठ्ठा कापण्याच्या मशिनवर हात कापलेला माणूस आधी त्यांच्याकडे येतो, मग मॅनेजरांना सांगतो. माझ्या पहिल्या नकाशात रस्त्याचं तोंड त्या खोलीवरून गेलं होतं. कागदावर ती खोली अर्ध्या इंचाचा चौकोन होती, आणि चौकोनावरून रेघ मारायला पेन्सिलीला काही वाटत नाही. दाढ ठणकायला लागली त्या संध्याकाळी मी त्याच चौकोनात बाकावर बसलो होतो, माझ्या आधी तीन जण होते, आणि खोलीचं काय होणार हे माहीत असूनही बाईंनी माझ्या दाढेत लवंगेच्या तेलाचा बोळा हलक्या हाताने बसवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साऱ्या वसाहतीत खुंटीला हात न लावलेलं घर ते एकच. सरकारी वस्तू आहे, मी शिवणार नाही, असं त्यांनी मुख्याध्यापकांना ठणकावलं होतं (हे मला नंतर कळलं).

दाढ निघाली, तोंड सुजून दोन गालांचा एक गाल झाला, आणि मी रजेवर असताना ठेक्यावरचा मोजणीदार यंत्र घेऊन आला. हा माणूस विचार करत नाही, दिसेल ते मोजतो, आणि त्याचा त्याला अभिमान आहे. त्याने बावीसच्या बावीस खुंट्या जशा होत्या तशा मोजल्या आणि नकाशा थेट साहेबांच्या टेबलावर ठेवला. मी परत आलो तेव्हा माझा सरळसोट रस्ता कमरेत लचक भरल्यासारखा पडला होता. सातव्या खुंटीला वसाहत जिंकली होती, अकराव्या खुंटीला, जिथे पाठीमागे कुणाचं घर नाही, वॉचमन. तेवढ्यात साहेब म्हणाले, ‘वळणं झकास दिलीस. सरळ रस्ता दिसला की ट्रकवाले सुसाट सुटतात. डोकं आहे तुला.’ पाच वर्षांत साहेबांनी माझ्या बाणाखेरीज काही वाखाणलं नव्हतं. मी मान तुकवून शाबासकी घेतली. घरी येऊन मात्र प्रत्येक वळण दोनदा तपासलं. रुंदी पुरती, ट्रक सहज वळेल, समोरचं दिसेल. खरं सांगायचं तर माझ्या रस्त्यापेक्षा हा बरा होता, आणि तो काढणाऱ्यांत नकाशा वाचता येणारा एकही माणूस नव्हता.

सुनावणीला सभागृह गच्च भरलं. सगळ्यांनी हरकती लिहून आणल्या होत्या, पण नवा नकाशा भिंतीवर लागला आणि जो तो आपल्या घरामागची रेघ बघून गालातल्या गालात हसायला लागला. आपणच तेवढे शहाणे आणि बाकी सगळे फसले, असं एकाच वेळी ऐंशी माणसांना वाटताना मी पहिल्यांदा पाहिलं. रेघ पहिल्यापेक्षा वेगळी वाटते का कुणाला, असं साहेबांनी सहज विचारलं. मुख्याध्यापक पंख्याकडे बघायला लागले, मॅनेजरांना फोन आला (वाजला नाही, पण आला), वॉचमन दाराबाहेर गेला. खुंटी हलली म्हणायचं तर आधी कुठे होती ते सांगावं लागतं, आणि ते इतकं नेमकं कसं माहीत हेही सांगावं लागतं. रस्ता एकमताने मंजूर. चहा झाला. मुख्याध्यापकांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि तरुण पिढीच्या प्रामाणिकपणावर दोन शब्द बोलले.

रस्त्याचं तोंडही नव्या नकाशात चार हात सरकलं आहे, त्यामुळे नर्सबाईंची खोली पूर्ण वाचली. कसं सरकलं देव जाणे. असो. सर्व काही छान आहे, काळजी नसावी. काकूंनी पाठवलेला स्वेटर मापाला नेमका बसला (मी हात वर करत नाही). ताईला आणि भाचेकंपनीला आठवण सांगा.

तुमच्या घरात तुमच्याइतक्याच हक्काने राहणारा,
तुमचा पुतण्या

ता.क. तोंड चार हात सरकलं ते समोरच्या बाजूला, हे लिहायचं राहिलं. समोर आपलं गॅरेज आहे. गाडी रस्त्यावर यायला तयार नव्हती, शेवटी रस्ताच गाडीकडे आला, असं समजा. सोबत संमतीचा कागद आहे, फुली मारली आहे तिथे सही करा. गाडीला पुढच्या अंगणात पत्र्याची शेड घालून देईन, माप घेतलं आहे. ढकलायला वॉचमन येतो म्हणाला आहे. काकू, हे वाचताना काकांना आधी खुर्चीत बसवा.

ता.क. २. रस्ता एकमताने मंजूर असं वर लिहिलं, ते सुनावणीच्या दिवसापुरतं खरं होतं. काल एक आली. नर्सबाईंची. घरमालक परगावी असताना त्याच्या गॅरेजवर रस्ता घालणं बरोबर नाही, पहिल्या नकाशाप्रमाणे माझी खोली घ्या, असं त्यांनी टपोऱ्या अक्षरात लिहून दिलं आहे. मी समजावलं, साहेबांनी समजावलं, मुख्याध्यापकांनी काठी आपटून समजावलं. बाईंचं एकच म्हणणं, तुम्ही खुशीने देताय असं तुमच्या हस्ताक्षरात दिसलं तरच अर्ज मागे घेईन. तेव्हा नुसती सही नको, दोन ओळी पण लिहा. महिनाअखेरीला बारा दिवस आहेत, आणि ट्रक अजून गल्लीतूनच जातायत.

ता.क. ३. तुमच्याशी खोटं बोलून झोप येत नाही. बाविसावी खुंटी वॉचमनने हलवली नाही, वसाहतीनेही नाही. मी हलवली. लवंगेच्या तेलाच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे, दाढ धरून. साऱ्या वसाहतीत कुणी स्वतःच्या घराकडे सरकवलेली खुंटी ती एकच, असं म्हणून मी मनाशी मोठेपणाही घेतला. घर माझं नाही, तुमचं आहे, हे खुंटी ठोकून झाल्यावर आठवलं. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं काका, चुकलो. मनातून नको असेल तर तसं लिहा, मी साहेबांना सगळं सांगून टाकेन. त्या गडबडीत हातोडी बोटावर बसली होती. दारात सापडलं असं सांगून बाईंकडेच पट्टी बांधून घेतली, त्यांनीही काही विचारलं नाही. काल अर्ज माझ्या टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, ‘बोट बरं झालं ना? माझ्या खोलीच्या खिडकीतून गल्लीचं टोक चांगलं दिसतं. काकांचं पत्र आलं नाही तर महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी ये, ती खुंटी होती तिथे परत ठोकू. तू नुसती धर. हातोडी मी मारते.’ काका, बाईंचा नेम तुम्हाला इंजेक्शनापासून माहीत आहे, पण माझी बोटं दहाच आहेत. कृपया उलट टपाली लिहा.