शेपूची भाजी आणि शेवटचा भाग

११ जुलै, शुक्र.

दुपारी ‘पाचवं दार’चा शेवटचा भाग संपवला. चहा गार झाला, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, डाळीचा पार गाळ. आठ आठवडे जीव टांगणीला लावून शेवटी हे! आपला हेर देवदत्त शत्रूच्या तावडीत. घरी एकच फोन करू देतात, समोर पिस्तूलवाला. तो आईला म्हणतो, “कारल्याची भाजी कर गं, फार खावीशी वाटतेय.” ज्याने जन्मात कारल्याला हात लावला नाही तो! आणि ती बाई हसते. “सुधारलास की रे!” म्हणते, फोन ठेवते. संपलं. काळा पडदा.

मी टीव्हीवर ओरडले. अगं, स्वतःच्या पोराला ओळखत नाहीस? नवरोबा सुधीर आतल्या खोलीतून, “शेजारी ऐकतायत.”

लेक मृदुला इथे असती तर दोघी मिळून ओरडलो असतो. दर शुक्रवारी ती तिच्या घरी, मी माझ्या, भाग एकच, नंतर तासभर फोन. लग्नानंतरही वर्षभर चाललं. मे महिन्यापासून बंद. “वेळ नसतो आई.” नोकरी सोडली, एच. डी. कोटे गावाच्या पुढे जंगलात नवऱ्याच्या रिसॉर्टच्या क्वार्टरमध्ये दिवसभर बसून असते, आणि वेळ नसतो?

१३, रवि.

मृचा फोन, नेहमीसारखा दहाला. जावयाच्या, निनादच्या मोबाइलवरून. तिचा म्हणे पाण्यात पडला. त्यालाही तीन आठवडे झाले. स्पीकरवर, मागे जावईबापूंचा खोकला. पाऊस, कपडे वाळत नाहीत, वगैरे. मग एकदम, “आई, तुझ्या हातची शेपूची भाजी खावीशी वाटतेय गं.”

शेपू! हिला नुसत्या वासाने मळमळतं. चौथीत असताना डब्यातली शेपू वर्गातल्या कुंडीत पुरली होती, बाईंनी मला बोलावून दाखवली होती.

मी हसले. देवा, मीही हसलेच. “बरं, करीन हो,” म्हटलं. फोन ठेवला. मग देवदत्तचं कारलं आठवलं.

१४, सोम.

शेजारच्या तुळसाक्कांना सांगितलं. त्यांच्या चार पिढ्या इथे चामराजपुरमातच, मराठीत निम्मं कन्नड. “अय्यो वैनी, सुम्ने, उगाच कशाला भिता हो? नोडी, डोहाळे आहेत ते! मला सरोजाच्या वेळी माती खावीशी वाटायची.” हातावर साखर ठेवली.

डोहाळे ऐकून सुधीर तर आनंदाने उडालाच. मी म्हटलं, थांब जरा, आधी तिच्याशी एकटीशी बोलू दे. देवदत्तचं, कारल्याचं, सगळं सांगितलं. “आठवडाभर टीव्ही बंद कर,” म्हणाला.

आंघोळीला गेले, तेवढ्यात ह्याने निनादला फोन लावला. बाहेर आले तर कानावर हे: “अहो, शेपू मागितली तिने! लहानपणापासून तोंडात घालत नाही ती. म्हणजे गोड बातमीच की!”

मी दारातच उभी. “काय म्हणाले ते?”

“आधी विचारलं, नक्की शेपूच ना? मग म्हणाले, असं होय, तिला आवडत नाही हे मला माहीतच नव्हतं.”

पोरीने एवढ्या हुशारीने लपवलेलं आम्ही हसत हसत त्याच्या हातात दिलं. सुधीरशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. बोलून काय करणार, त्याचा आनंद खरा होता.

१५, मंगळ.

सकाळपासून सहा वेळा लावला. रिंग जाते, उचलत नाहीत.

मालिकांचं आमचं खातं एकच आहे, आत तिचं नाव वेगळं. आज उघडून बघितलं. मे-जूनमध्ये काही नाही. या शनिवारी, १२ ला, तिकडच्या टीव्हीवरून ‘पाचवं दार’, शेवटचा भाग, पूर्ण. बाकीचे भाग न बघता एकदम शेवटचा. रविवारी मला फोन.

सुधीरला दाखवलं. चष्मा पुसला, परत बघितलं. “योगायोग असेल,” म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. मला फार भीती वाटतेय. असं कधी वाटलं नव्हतं, तिच्या टायफॉइडच्या वेळीसुद्धा नाही.

१६, बुध.

निनादच्या फोनवरून मेसेज. ‘आई, मी मृदुला. गोड बातमी वगैरे काही नाही. मला शेपू आता आवडते. इकडे येऊ नका, रस्ता खराब आहे.’

येण्याचं कुणी बोललंच नव्हतं.

मी म्हटलं, उद्या जायचं. सुधीरचं आधी एकच, बोलावल्याशिवाय लेकीच्या घरी कसं जायचं. त्याच्या आईने नातू होईपर्यंत लेकीकडे पाणी घेतलं नव्हतं. मी वाद घातला नाही. संध्याकाळी स्वतःच बाजारातून सब्बसिगेच्या तीन जुड्या घेऊन आला. शेपूला इथे हेच म्हणायचं, वीस वर्षांत तेवढं कन्नड त्याला आलंय. खाली मांडी घालून एकेक काडी निवडत बसला.

“मी पण येतो.”

“दोघं गेलो तर धाड वाटेल. भाजी पोचवायला आई एकटी जाऊ शकते. तू कोट्याच्या स्टँडवर थांब.”

हो म्हणाला. डोळे पुसले, म्हणे शेपूच्या वासाने.

१७, गुरु., दुपारी

क्वार्टरच्या मागच्या पायरीवर बसून लिहितेय. हाताला काहीतरी काम हवं.

निनाद फार गोड वागला. “आई, कळवलं असतं तर गाडी पाठवली असती.” ताटं त्यानेच घेतली. मृ वाळलीय. डबा उघडला, वाढली. ती सगळी खाल्ली तिने, मान वर न करता. मग, “अजून वाढ.” तो जेवतच नव्हता, तिच्या घासाकडे बघत होता. “बघा आई, आवडते की नाही?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बेडरूमच्या दाराला बाहेरून नवी कोरी कडी.

जेवणानंतर ओट्याशी दोघीच. तिने नळ पूर्ण सोडला.

“शेवटचा भाग बघितलास ना?”

“बघितला.”

“ती आई हसली गं.”

“मी पण हसले आधी. चुकलं माझं.”

ओल्या हाताने मनगट धरलं माझं. सोडेना.

निनादला सांगितलं, बाबांचं बीपी वाढलंय, दोन दिवस नेते हिला. हसला. “हो, नक्की. मीटिंग आटपून येतो, मग बघू.” बाईकवरून ऑफिसकडे गेला. जाताना तिच्या चपला उचलून वरच्या फळीवर ठेवल्या, पावसात भिजतात म्हणून.

तीनची बस हमरस्त्यावरून, चालत दहा मिनिटं. तीनला वीस कमी. मृ आत पिशवी भरतेय, माझ्या चपला घालून. मी अनवाणीच जाईन. सुधीरला फोन लागत नाही, माझ्या कंपनीची इथे रेंज नाही.

बाईकचा आवाज. येतोय की लांब जातोय, कळत नाही.

मृ, पिशवी राहू दे. चल.