सूदसाहेबांचा राजीनामा

रविवार, ५ ऑक्टोबर १९९७

संकल्प : मैदानावर आवाज चढवायचा नाही. आपली हॉकी टीम यमुना इलेव्हन आज ३-१ हरली, तरी पाळला. एकदाच ओरडलो, तेही आपल्याच गोलकीपरवर. म्हणजे घरच्या घरात.

पराभवापेक्षा वाईट बातमी मध्यंतरात आली. टीम ज्या टीव्ही कंपनीची आहे, तिला बाहेरचे टीव्ही बाजारात आल्यापासून धाप लागली आहे. म्हणून टीमचं मॅनेजमेंट नवं नेमलं. जनरल मॅनेजर कुणी धीरज सूद. वय बत्तीस, याआधी शॅम्पूच्या पुड्या विकायचे. हाताखाली एक ‘माइंड कोच’ आणि टीमच्या टोप्या, बनियन विकायला एक साहेब. आणि ज्यांनी एवढी वर्षं पोरं घडवली, त्या कोच टोप्पो सरांना महिनाअखेर निरोप.

आमच्या फॅन्स असोसिएशनचे अध्यक्ष खुराना यांचं नोएडाच्या सेक्टर सत्तावीसमध्ये नळांचं दुकान आहे. ते कपाळावर हात मारून म्हणाले, पेनल्टी कॉर्नर पे गेंद रोकने वाला कोई नहीं, और टोपी बेचने वाला रख लिया! मागून कुणीतरी म्हणालं, बेचने कहाँ, अंकल, पहनाने वाला!

सगळे हसले. मी सेक्रेटरी असल्यामुळे हसलो नाही. घरी येऊन हसलो.

बुधवार, ८ ऑक्टोबर

आत्मपरीक्षण. मी सूद यांना विरोध करतो आहे, तो ते चूक आहेत म्हणून की ते नवे आहेत म्हणून? की बत्तिसाव्या वर्षी त्यांना केबिन आहे आणि मला सेहेचाळिसाव्या वर्षी पार्टिशन आहे, म्हणून? प्रामाणिकपणे तपासलं. ते चूक आहेत म्हणूनच.

दिलीप केतकर संध्याकाळी आला. पुण्याहून सॉफ्टवेअरमध्ये नुकताच आलेला मुलगा, हॉकीचा वेडा. त्याला हिंदी अजिबात येत नाही, भाजीवाल्याला ‘कोथिंबीर देव’ म्हणतो. मी त्याला रोज थोडं हिंदी शिकवायचं ठरवलं आहे. दिल्लीत चौदा वर्षं काढल्याचा कुणाला तरी उपयोग व्हावा.

टोप्पो सर भेटले. फक्त विचारलं, रिसबूड साब, कुछ हो सकता है? मी म्हणालो, होगा. जबाबदारीने म्हणालो.

शनिवार, ११ ऑक्टोबर, दसरा

उद्या कंपनीच्या हॉलमध्ये सभा. सूद स्वतः येणार. खुराना यांनी सांगितलंय, आप पढ़े-लिखे हो, रोज़वुडजी, आप ही बोलना. (माझं आडनाव त्यांना अजून जमलेलं नाही.)

मागणी एकच : सूद यांनी जावं. प्रश्न शब्दाचा आहे. ‘इस्तीफा’ म्हणावं की ‘राजीनामा’? बराच वेळ विचार केला. इस्तीफा फार आक्रमक, वर्तमानपत्री. ऐकणाऱ्याचा अपमान होतो. राजीनामा सभ्य. त्यात ‘राजी’ आहे. माणूस राजीखुशीने गेल्यासारखा वाटतो. शिवाय आपला आणि हिंदीचा सामाईक शब्द. राजीनामाच.

कल्पना म्हणाली, एकदा आपल्या मृणालला विचारून घ्या, तिला हिंदीत ब्याण्णव आहेत. मी म्हटलं, जी मुलगी कोशिंबिरीला सॅलड म्हणते आणि आपट्याची पानं म्हणून कचनारची आणते, तिला मी भाषा विचारू? कल्पना म्हणाली, कचनारची मीच आणली, नोएडात दुसरं काय मिळतं?

रविवार, १२ ऑक्टोबर

विजय! पूर्ण विजय!

मी उभा राहिलो, आवाज न चढवता म्हणालो, सूद साहब, हमें आपका राजीनामा चाहिए. और आज ही चाहिए.

सूद उठले, टेबल ओलांडून आले आणि मला मिठीच मारली. म्हणाले, बस इतनी सी बात? मैं तो पहले दिन से तैयार बैठा हूँ, आप लोग ही नहीं मान रहे थे!

केवढं मन! खुर्चीला चिकटलेली माणसं पाहिली आहेत, पण इतका हलका माणूस पहिलाच. वर विचारतात, आपकी कोई शर्त? मी म्हटलं, एकच, टोप्पो सरांना सन्मानाने ठेवावं. म्हणाले, मंज़ूर. जाता जाता पुढची व्यवस्था लावून जाणारा माणूस. माझे डोळे भरून आले.

दिलीपने टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनी नाही. खुराना तर चहा न घेताच निघाले. एका वाक्यात काम झालं, हे माणसांना पचत नाही. मत्सर वाईट. मी मनात धरणार नाही.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

सूद अजून येतात. आज त्यांनी आकडेवारी मॅनेजर नेमला. दिलीप विचारत होता, राजीनामा दिलेला माणूस नेमणुका कशा करतो? समजावून सांगितलं : नोटीस पीरियड. खासगी क्षेत्रात असतो.

खुराना यांनी फोन उचलला नाही. दुकानात गेलो तर नोकराने सांगितलं, साहब पाइप देखने गए हैं. मागच्या खोलीतून त्यांचा खोकला ऐकू येत होता.

रविवार, १९ ऑक्टोबर

सामन्याआधी लाउडस्पीकरवर जाहीर झालं : मॅनेजमेंट और फैन्स के बीच राजीनामा हो गया है. ‘के बीच’ जरा खटकलं, पण बोलणाऱ्याचं हिंदी कच्चं असावं.

मला मैदानात बोलावलं. सूद यांनी हार घातला. मग मी माइक घेतला आणि निरोपाचं भाषण केलं. म्हणालो, सूद साहब, आप जहाँ भी रहें, खुश रहें. आपकी जगह कोई नहीं ले सकता. सूद खूप हसले. माइंड कोचने माझा खांदा दाबला. प्रेक्षकांतून कुणीतरी ‘बिक गया!’ असं ओरडलं. चहावाल्याला उद्देशून असावं, त्याचे समोसे लवकर संपतात.

मॅच बरोबरीत. आवाज चढवला नाही.

सोमवार, २० ऑक्टोबर

हिंदी पेपरात फोटो आला. सूद आणि मी, हारासकट. मृणालने मथळा वाचला आणि म्हणाली, बाबा, तुम्ही त्या सूद अंकलशी सुलह केली? तुम्ही तर त्यांना भगवणार होते ना?

मी म्हटलं, भगवलंच. राजीनामा घेतला.

तिने पेपर खाली ठेवला. मग हसायला लागली, ती थांबेचना. हसता हसता म्हणाली, अरे बाबा, हिंदीत राजीनामा म्हणजे समझौता! कॉम्प्रोमाइज! नोकरी सोडायची तर इस्तीफा!

कल्पना स्वयंपाकघरातून एवढंच म्हणाली, ब्याण्णव आहेत तिला.

सायंकाळी शांतपणे विचार केला. चूक माझी नाही. शब्दाचा अर्थ हिंदीने बिघडवून ठेवला आहे. मात्र हे लोकांना सांगावं का, हा प्रश्न वेगळा. उद्या सगळं स्पष्ट सांगायचं ठरवलं.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

सांगता आलं नाही. सकाळीच टोप्पो सर मिठाईचा डबा घेऊन दारात. सूद यांनी त्यांना ज्युनियर टीमचं हेड केलं, क्वार्टरही राहिलं. मुलीची दहावी इथेच पूर्ण होणार. म्हणाले, साब, सब लोग लड़ने को बोल रहे थे, अकेले आपने समझौते की बात की.

मी बर्फी घेतली. एक. मग आणखी एक, कारण नको म्हटलं तर त्यांना संशय आला असता.

आता पेच. खरं सांगितलं तर समझौता मोडतो आणि सर जातात. नाही सांगितलं तर मी विकला गेलेला माणूस. खूप तपासलं. यात माझा स्वार्थ कुठे आहे का? आहे, थोडा. सर मला पहिल्यांदाच ‘बड़े आदमी’ म्हणाले.

शनिवार, २५ ऑक्टोबर

तोडगा सापडला. खरं सांगायचं नाही आणि पदालाही चिकटायचं नाही. उद्याच्या सभेत सेक्रेटरीपद सोडतो. लोक हेलावतील. खुराना म्हणतील, रोज़वुडजी, ऐसा मत करो. दोनदा नकार देईन, तिसऱ्यांदा मान्य करेन. दिलीपला सांगून ठेवलं आहे की लोक फारच गहिवरले तर पाणी आणायचं.

रविवार, २६ ऑक्टोबर

उभा राहिलो. मन भरून आलेलं, त्यामुळे सवयीने तोंडातून निघालं, मैं राजीनामा देता हूँ.

खुराना म्हणाले, लो जी! अब किससे कर लिया?

हॉल हसून फुटला. दिलीपने पाणी आणलं. प्यायलो. मग नीट, स्पष्ट, एकेक अक्षर सुटं करून म्हणालो, नहीं. इस्तीफा. इस्-ती-फा.

‘मंज़ूर,’ खुराना म्हणाले. सगळ्यांचे हात वर. मला दुसऱ्यांदा काही म्हणायची संधीच मिळाली नाही. नवा सेक्रेटरी दिलीप. खुराना म्हणाले, लड़का कम बोलता है, यही ठीक है.

बाहेर पायरीवर लोक नव्या सेक्रेटरीबद्दल बोलत बसले होते. अनुभव नाही, भाजीवाल्याशी धड बोलता येत नाही, किसने रखवाया इसको? मीही थोडा बसलो. पलीकडे टोप्पो सर ज्युनियर पोरांकडून पेनल्टी कॉर्नरला बॉल थांबवून घेत होते. एकाने चक्क थांबवला. मी ओरडलो. आता चालतं.

चौदा वर्षांत पहिल्यांदाच दिल्लीने माझं हिंदी पहिल्या फटक्यात समजून घेतलं.