निळी पलटण मामाजींची

४ मार्च २००१, रविवार

बोटं चिकटली. उजव्या हाताचा अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, आणि मध्ये एक शिपाई. गरम पाण्यात हात बुडवून बसले तर सासूबाई आल्या. "काय झालं वो?" म्हटलं, गोंद लागला. शिपायाबद्दल कसं सांगणार?

भूपेंद्रने इंग्लंडहून खोकं पाठवलं. त्याच्या ऑफिसातला वर्ध्याचा एकजण सुटीवर आला, त्याने आणून दिलं. मला वाटलं स्वेटर असेल. निघाले प्लास्टिकचे राखाडी शिपाई — बोटाच्या दोन पेरांएवढे. घोडे, तोफा. तेही अख्खे नाहीत. हात वेगळे, डोकी वेगळी, सगळं जाळीला लटकलेलं. कापायचं, घासायचं, चिकटवायचं. सोबत एक जाडं पुस्तक आणि त्याची चिठ्ठी : ऑफिसातल्या स्टीव्हने हा खेळ शिकवला, टेबलावर रणांगण मांडायचं, टेपने मोजून फौजा हलवायच्या, फासे टाकून लढायचं. तू शिकून ठेव. व्हिसा झाला, तू आलीस, की रोज संध्याकाळी खेळू.

लग्नाला दीड वर्ष होत आलं. त्यातले दोन महिने सोबत. आणि मला काय — बाहुल्या.

(त्याचं नाव मी फक्त इथे लिहिते. घरात 'हे'.)

७ मार्च

तीन शिपाई झाले. एकाचं डोकं पाठीकडे बसलं. निघत नाही.

११ मार्च, रविवार

पुस्तकात आहे की रंगवल्याशिवाय फौज मैदानात आणू नये. एक बाजू लाल कोटाची, इंग्रज. दुसरी निळ्या कोटाची, फ्रेंच. इथे आर्वीत असला रंग कोण ठेवणार? शाळेसमोरच्या स्टेशनरीतून पोस्टर कलर आणले. सगळ्यात बारीक ब्रश मागितला तर दुकानदार म्हणे, "याच्याहून बारीक तं पापणीचा केसच भेटन."

दोन दुपारी मान मोडून लाल कोट रंगवले. आज एक उचलला तर रंग पोपडा धरून बोटावर. आधी पांढऱ्या रंगाचा एक हात द्यायचा असतो म्हणे. पान चाळीस. पान चाळीस मी आज वाचलं.

धीरज दुकानातून जेवायला आला. मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, अटॅक आल्यापासून कापडाचं दुकान हा धाकटा दीरच पाहतो. माझ्याकडे पाहून म्हणाला, "वैनी, गणपतीले लय टाईम आहे अजून." आणि हसत भात कालवत बसला.

१८ मार्च, रविवार

भूपेंद्रचा फोन. व्हिसाचं विचारलं. कंपनीकडे कागद अडकलेत, पुढच्या महिन्यात नक्की. मग विचारलं, रांग वळवायची असेल तर अर्धी चाल जाते की पूर्ण? तो इतका खूश झाला की बोलतच राहिला. फोन ठेवल्यावर लक्षात आलं — अर्धं समजलंच नाही, आणि जे समजलं ते पुस्तकाच्या उलट.

बी.कॉम. पहिल्या वर्गात झाले मी. पण हे इंग्रजी! जर अमुक तुकडी तमुक तुकडीच्या समोरच्या कोनात असेल, आणि मध्ये झाड नसेल, आणि असलं तरी... वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरते.

२५ मार्च

दोन्ही बाजूंनी मीच खेळून पाहिलं. लाल कुठून येणार ते निळ्यांना आधीच ठाऊक. निळे कुठे लपलेत ते लालांना. स्वतःशीच भांडत बसल्यासारखं झालं. अर्ध्यात आवरलं.

१ एप्रिल, रविवार

धीरजला गळ घातली. एक डाव, फक्त एक. घरात एवढं मोठं टेबल एकच — दुकानातलं जुनं, कापड कापायचं. ते मागच्या खोलीत मामाजींच्या खाटेशेजारी. तिथेच मांडलं. कापडाच्या थानातल्या पुठ्ठ्यांचा डोंगर केला, कापसाची झाडं केली.

धीरजने तीनदा फासे टाकले. "वैनी, याच्यात मजा कवा येते?" बाहेर मित्राच्या स्कूटरचा हॉर्न वाजला आणि तो गेला. त्याचे घोडे तसेच मैदानात उभे.

मी आवरायला लागले तर मागून आवाज.

"त्या घोड्यायले तिकडं काऊन नेलं त्यानं? बाजूले मोकळं रान पडलं होतं."

मामाजी. अटॅकनंतर वर्षभर माझ्याशी 'पाणी' आणि 'पंखा' याच्यापलीकडे बोलले नव्हते. मी पदर सावरून उभी.

"तुह्या पुस्तकात घोडा किती चालते?"

"बारा इंच, मामाजी."

"मंग?"

५ एप्रिल

सासऱ्यासमोर सून बसणार, तीही फासे घेऊन — सासूबाईंना अजिबात पटलं नाही. "लोकं काय म्हनतीन?"

मामाजी म्हणाले, "लोकायले खेळता येते का?"

लाल फौज रंगवून झालेली, म्हणून चांगली ती त्यांच्यापुढे ठेवली. ते मागे सरकले. "मी इंग्रज होत नाई. निळे दे."

"निळ्यांना अजून रंग नाही, मामाजी."

"नसू दे."

म्हणजे इंग्रज मी.

टेप दुकानातलाच. मामाजी मोजतात ते कापड मोजल्यासारखं. पण स्वतःची चाल असली की शेवटी अंगठाभर जास्त, माझी असली की सुताला सूत. सासऱ्याला हे कसं म्हणायचं? म्हटलं नाही. हरले.

२२ एप्रिल, रविवार

आज डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. पान एकसष्टच्या तळाला, बारीक अक्षरात : धावत गेलेल्या तुकडीला त्याच पाळीत गोळी मारता येत नाही. आणि आम्ही सुरुवातीपासून धावत धावत गोळ्या मारतोय.

मामाजींना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. "म्हंजे माही परवाची जीत गेली?"

"दोघांच्याही गेल्या."

"पैले पुस्तक पुरं वाचाव, मंग डाव मांडाव."

बरोबरच बोलले. म्हणूनच जास्त राग आला. पुस्तक मीच वाचायचं, समजवायचंही मीच, आणि चुकलं की बोलणीही मलाच. भूपेंद्रला विचारावं म्हटलं तर आज फोन आलाच नाही.

२९ एप्रिल

निम्मे शिपाई पडले की फासा टाकायचा; कमी पडला तर उरलेले पळतात. मामाजींना हे मान्यच नाही. "माहे लोकं पळत नाईत. पुस्तकवाल्याले काय मालूम?" दोनदा फासा टाकायला लावला. तिसऱ्यांदा मी पुस्तक मिटलं.

९ मे

उन्हाने गोंद पातळ झालाय. दोन घोडेस्वार घोड्यावरून सरकून आडवे. लाइट गेली, आली, कूलर एकदम सुरू झाला आणि माझी अख्खी डावी फळी वाऱ्याने झोपली. मामाजी म्हणाले, "हे मेलेले धराव का?"

हसले ते. मला हसू आलं नाही. दुपारभर मांडलं होतं.

१५ मे

सासूबाईंनी स्वयंपाकघरात बोलावलं. "काल डाव हरले तं दोन घास खाल्ले नाई त्यायनं. हरवू नको वो त्यायले. बीपी वाढते त्यायचं. तुह्या हातात आहे तं जिंकू दे."

बरं, म्हटलं.

२० मे, रविवार

मामाजी जिंकले. परवाही जिंकले होते. सासूबाई खूश, दोनदा चहा झाला. मला मात्र काहीच वाटेना. हातातले शिपाई नुसतं प्लास्टिक.

भूपेंद्रचा फोन. पुढच्या महिन्यात.

२७ मे, रविवार

सगळं बिघडलं.

त्यांची निळी रांग माझ्या तोफेच्या तोंडासमोर येऊन उभी होती. आंधळ्यालाही दिसावी इतकी समोर. मी तोफ सोडून भलतेच घोडे हलवले. मामाजींनी हातातले फासे खाली ठेवले.

"तोफ काऊन नाई डागली?"

"लक्षात नाही आलं."

"परवाबी नाई आलं. आजबी नाई आलं. तुले पान न् पान पाठ आहे, सपना." पहिल्यांदा नाव घेतलं माझं. मग दाराकडे पाहिलं. सासूबाई उंबऱ्यापाशी गहू निवडत होत्या. "हिनं सांगतलं न?"

 सुपातले गहू थांबले.

"अटॅक आला तवापासून सारे मले असेच खेळवून राह्यले. धीरज दुकानातलं सांगते तं सारं गोड गोड. डॉक्टर लेकराशी बोलल्यावानी बोलते. या एका टेबलावर मले वाटलं, कोनी तरी खरं खेळून राह्यलं माह्यासंगं." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "उचल हे."

आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

मी शिपाई खोक्यात भरले. रंग उडाले, दोन संगिनी मोडल्या, तशाच कोंबल्या. राग कोणाकोणाचा करावा? सासूबाईंनी सांगितलं ते केलं, आणि वाईट मी. ज्याने खोकं पाठवलं तो तिकडे मजेत. रडून घेतलं न्हाणीघरात. मग तिथेच लक्षात आलं — मामाजींचा राग खोटा नाही. मलाही कोणी रोज असंच गोड बोलून जिंकवत राहिलं असतं तर?

३ जून

मामाजी पुन्हा 'पाणी' आणि 'पंखा'.

१० जून, रविवार

फोन. आज मी आधी व्हिसाचं काढलंच नाही. म्हटलं, डोंगरावर तोफ चढवता येते का हो?  तो म्हणाला, "अजून खेळतेस ते?"

जसं काही मी शाळेतले सागरगोटे काढून बसलेय.

त्याने कधीच सोडलं. स्टीव्हला कामावरून काढलं, ऑफिसात आता कोणी खेळत नाही. मी विचारलं, अजून कोणाकोणाला काढलं? "बरेच जण. तू नको काळजी करू." आणि व्हिसा? "पुढच्या महिन्यात."

"खरं सांगा."

"खरंच गं."

१३ जून

आज न विचारताच टेबलावर मैदान मांडलं. मामाजी भिंतीकडे तोंड करून. सगळं लावून झाल्यावर म्हटलं, "मामाजी, आज तोफ डागणार आहे."

 मग खाट करकरली. पाय खाली आले.

खेळलो. असं आधी कधीच खेळलो नव्हतो. त्यांची पहिली चाल झाली, टेपच्या टोकाशी तोच अंगठा. या वेळी म्हटलं, "मामाजी, अंगठा काढा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंनी दारातून पाहिलं. अंगठा निघाला. घोडा मागे आला.

तोफ डागली. निळी रांग निम्मी झाली. फासा त्यांनीच टाकला — एक. पुन्हा टाकतो म्हणाले नाहीत. आपली माणसं आपल्या हाताने एकेक उचलून खोक्यात ठेवली. सासूबाई गोळी आणि पाणी घेऊन उभ्या, माझ्याकडे खाऊ की गिळू करत.

मामाजींनी गोळी घेतली. पाणी प्यायले. "उद्या मी डोंगराकडून येईन," म्हणाले.

रात्री तीन पोळ्या खाल्ल्या त्यांनी. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत.

२४ जून, रविवार

फोन नाही. मागच्या रविवारीही नव्हता. सासूबाई म्हणतात, काम असन. मी पुस्तक उघडून बसले तर एक ओळ डोक्यात शिरेना.

मामाजींनी धीरजला जेवताना विचारलं, "दुकानाचं खरं काय ते सांग." धीरजने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग सांगायला लागला. सगळं चांगलं नव्हतं. मामाजी ऐकत होते, जेवत होते.

१ जुलै, रविवार

हरले. खरीखुरी हरले. डोंगराच्या आडून निळे घोडे आले आणि माझी डावी बाजू साफ. मला दिसायला हवं होतं! संध्याकाळभर चिडचिड. भाजीत मीठ दोनदा पडलं. मामाजी ती भाजी मागून मागून जेवले.

८ जुलै, रविवार

फोन वाजला तो मामाजींनी उचलला. अटॅकनंतर पहिल्यांदा. मी बाजूला उभी. ते नुसतं ऐकत होते. मग म्हणाले, "आन् हे आता सांगून राह्यला?" आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

कंपनी एप्रिलमध्येच बंद झाली. तेव्हापासून दुसरं काम शोधत होता, मिळालं नाही. व्हिसाचे कागद कुठे अडकलेच नव्हते — कोणी भरलेच नव्हते. या महिन्यात परत येतोय. कायमचा. "तुला त्रास नको म्हणून बोललो नाही," म्हणाला.

मी म्हटलं, "अटॅक मला आला होता का?"

 मी फोन ठेवला.

मामाजी खाटेवर बसले होते. मांडलेल्या टेबलाकडे बोट करून म्हणाले, "तो आला का बसव त्याले माह्या जागेवर. आन् सोडू नको."