सातवीच्या मतमोजणीचा फेरनिकाल

मु. पो. जत
मंगळवार

तीर्थरूप भामाआत्यांस,

समीक्षाचा वाकून नमस्कार. (खरं तर उभ्यानेच. कंबर धरली आहे, कारण पुढे येईल.) तुमचे गुडघे कसे आहेत? मामांचा खोकला आणि तुमचा मामांवरचा राग, दोन्ही उतरले असतील असं धरून चालते. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणालच. आत्या, फोनवर मी दुसऱ्या वाक्याला पोचायच्या आत तुमचा पाचवा प्रश्न येतो. पत्रात मधे बोलता येत नाही. तेव्हा बसून घ्या.

रविवारी सांगलीत आपल्या घरी लोणंदचं स्थळ आलं होतं, त्याबद्दल बाबांनी तुम्हाला "जरा गोंधळ झाला" एवढंच सांगितलं असणार. पलटणीत बावीस वर्षं काढलेला माणूस लढाईलाही जरा गोंधळच म्हणतो. खरी हकीकत सांगायची तर आधी बनाबाईंच्या सिद्धूपासून सुरुवात करावी लागेल. तुम्ही गावी यायच्या तेव्हा आमच्या ओट्यावर सदा बसलेला असायचा, तो. दुसरीपासून आम्ही शाळेला बरोबर जायचो. त्याची गणितं मी सोडवायची, माझ्या वाटेवरची कुत्री त्यानं हाकलायची, असा आमचा करार होता. सातवीत मी वर्गप्रतिनिधीला उभी राहिले. राजेश्वरीला पंधरा मतं, मला चौदा, एक चिठ्ठी बाद. आदल्या दिवशी राजेश्वरीनं सिद्धूला ओंजळभर चिंचा दिलेल्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. मग त्याचं मत कुठं गेलं, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. त्या दिवसापासून मी बोलणं बंद केलं. जूनमध्ये मी गाव सोडून सांगलीला गेले, तो मेंढरांमागं गेला, आणि बघता बघता सतरा वर्षं झाली. (चिंचांवरून कुणी सतरा वर्षं अबोला धरतं का, असं विचारू नका. तुम्ही धाकट्या जावेशी चाळणीवरून बोलत नाही.)

इथे जतला जनावरांची डॉक्टर म्हणून आल्यापासून आठ महिन्यांत तो लसीकरणाला दोनदा दिसला. त्यानं मला "म्याडम" म्हटलं, मी रजिस्टरात त्याच्या नावापुढे "पशुपालक" लिहिलं. झालं आमचं संभाषण.

तर रविवारी सकाळी सात वाजता मी तुम्ही दिलेली इरकल नेसून, केसात गजरा माळून फाट्यावर एसटीची वाट बघत उभी. समोर पिकअप येऊन थांबली. सिद्धू खाली उतरला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "म्याडम, मेंढी अडलीया. पाय भाईर आल्यात, पर मुंडकं न्हाई." मी म्हटलं, आज माझी सुट्टी आहे. तो बरं म्हणून वळला. एका शब्दानं गयावया केली नाही. आत्या, त्यानं हातापाया पडून विनवलं असतं तर मी कदाचित एसटीत बसलेही असते. पण तो मुकाट वळला, म्हणून मीच जाऊन पिकअपमध्ये बसले.

वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या कुंपणात, मेंढी आडवी पडली होती. कोकराची मान आत मागं वळलेली. मी गुडघ्यावर बसले, बांगड्या काढल्या, आणि कोपरापर्यंत हात आत. अर्धा तास गेला. मान सरळ होईना, मेंढी डोळे फिरवू लागली, माझ्या कंबरेत उसण भरली आणि मी हात बाहेर काढून म्हटलं की आता नाही व्हायचं. तेव्हा तो माणूस, इतका वेळ म्याडम म्याडम करणारा, मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन ओरडला, "समे, सोडू नगंस! तुला जमतंय!"

समे. हे नाव मी सतरा वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी परत हात घातला. मान वळली, कोकरू आलं, त्याच्यामागं दुसरंही आलं. दोन्ही जिवंत. मेंढी उठून त्यांना चाटायला लागली आणि मी तिथंच लेंड्यांत बसून ढसाढसा रडले. (इरकलीबद्दल काही विचारू नका. ती आता साडी राहिलेली नाही.)

रडत असतानाच मी विचारलं, मत राजेश्वरीला का दिलंस? तो माझ्याकडे बघतच राहिला. "कुणी दिलं? म्या तुलाच दिलं हुतं. चिठ्ठीवर 'समी' लिवलं. अशी पोरगी वर्गात न्हाई म्हून सरांनी बाद केली." मग तेव्हाच का सांगितलं नाहीस? "सांगितलं असतं तर पोरांनी मला जगू दिलं असतं व्हय? आन् तू कुठं बोलत हुतीस!"

आत्या, म्हणजे पंधरा-पंधरा! मी हरलेच नव्हते! मेंढरांच्या कुंपणात उभं राहून मी निकाल मोठ्यानं जाहीर केला आणि दीडशे मेंढरांनी त्याला दुजोरा दिला.

एसटी गेली होती, तेव्हा त्यानंच पिकअपमधून सांगलीला सोडलं. अकराची वेळ, पोचलो अडीचला. पाहुणे ताटकळलेले, नवरामुलगा जयराजराव घड्याळ बघताहेत, आणि मी त्या अवतारात. बाबांना सिद्धू ड्रायव्हर वाटला. त्याला बाहेर खुर्ची आणि पोह्यांची बशी मिळाली. जयराजरावांच्या आई नाकाला पदर लावून गोड आवाजात म्हणाल्या, लग्नानंतर ही असली कामं करायची काही गरज पडणार नाही हो. मी तोंड उघडायच्या आत दारातून आवाज आला, "आवं काकी, हिनं काम सोडलं तर आमच्या मेंढ्या कुणी सोडवायच्या?"

 मी हात जोडून पाहुण्यांची माफी मागितली आणि सांगितलं की तुमचा मुलगा चांगला आहे, पण मी माझं काम सोडणार नाही, आणि तुम्हाला उगाच ताटकळत ठेवणंही बरं नाही. नंतर पिकअपपाशी जाऊन सिद्धूला विचारलं, माझ्याशी लग्न करशील का? होय, मीच विचारलं. तो कितीतरी वेळ खिशात किल्ली शोधत राहिला. किल्ली हातातच होती. मग म्हणाला, "समे, चेष्टा करत असशील तर आत्ताच सांग, न्हाईतर माझी गाडी जत सोडून मोडनिंबाला जायची." मी म्हटलं, मोडनिंब जतच्या वाटेवर कुठं आहे? तो म्हणाला, "त्येच सांगतुया."

मामांना नमस्कार. प्रकृतीला जपा, जिना चढू नका.

तुमची,
समी

ता. क. बाबांना यातलं शेवटचं काही माहीत नाही. त्यांच्या लेखी तो अजून ड्रायव्हरच आहे. तुमच्यापुढे त्यांचं सुभेदारपण चालत नाही, म्हणून एवढं पान खर्च केलं. या शनिवारी सांगलीला याच.

ता. क. दुसरा. पाकिटावर तिकीट का नाही, असा प्रश्न पडला असेल. पत्र घेऊन आलेला तो उंच, लाजरा माणूस पोस्टमन नाही. तुमचं वाचून होईपर्यंत उंबऱ्याबाहेरच थांबायचं, असं त्यानं ठरवलंय. चष्मा शोधण्यापासून धरलं तर तुम्हाला पाऊण तास लागला असेल. ऊन फार आहे, आत्या. त्याला आत घ्या.