चार भोकांची गाडी

तीर्थरूप कॅझदादा,

धाकट्या एर्विनचा नमस्कार. इथे सगळे आहेत. ‘खुशाल आहेत’ असं लिहायला पेन उचललं, पण ते काही धजेना. तुझे गुडघे कसे आहेत? ट्रूडीवहिनींचा दमा ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत आटोक्यात असेल. (इथे फ्लिंटची हवा आहे तशीच आहे. ज्यांना जमलं ते तुझ्यासारखे निघून गेले, उरलेल्यांना सर्दी झाली आहे.) पत्र तू नेहमीप्रमाणे जेवणाच्या टेबलावर वहिनींना मोठ्याने वाचून दाखवशील, म्हणून जरा नीटनेटकं लिहितो.

मुख्य बातमी अशी की व्हर्ना, माझी लग्नाची बायको, माझ्या गाडीत बसेनाशी झाली. ती वृद्धाश्रमात गेल्यापासून दर रविवारी तिला घरी जेवायला आणायचं, हा आमचा नेम. त्या दिवशी ती पोटभर जेवते. बाकी आठवडाभर ताट तसंच परत जातं, आणि अंगावरचे कपडे दर महिन्याला सैल होत चाललेत. म्हणजे गाडीत बसली तर जेवणार, नाही बसली तर नाही, इतका साधा हिशोब आहे. तिला आता माणसं ओळखू येत नाहीत, गाड्या येतात. यात तिचा दोष नाही. आपल्या गावात कोणी वर्षं आकड्यांनी सांगितली आहेत? आमची लोर्ना कधी झाली, तर ब्यूकची वाइल्डकॅट गाडी बंद झाली तेव्हा. आई कधी गेली, तर स्कायलार्कचं मॉडेल लहान झालं त्या हिवाळ्यात. तिच्या डोक्यातून बाकी सगळं पुसलं गेलं तरी आपल्या कारखान्याची ब्यूक तेवढी राहिली.

जुन्या लसेबरमध्ये ती कुरकुरत का होईना बसायची. (तेव्हा तिला मी थोडा थोडा आठवत होतो.) पण आपल्या कारखान्यातून अगदी शेवटी शेवटी निघालेली ती लसेबर मिठाने खाल्ली. बर्फासाठी रस्त्यावर टाकतात ते मीठ रे, तू विसरला असशील. एका सकाळी आत पाय ठेवला तर पायाखाली रस्ता दिसला. लोर्नाने माझं काही चालू दिलं नाही. निवृत्त कामगारांच्या सवलतीत नवी एन्कोर आणून दारात उभी केली. गाडी चांगली आहे, उगाच नावं ठेवणार नाही. पण दादा, रिव्हिएरा, रोडमास्टर, पार्क अव्हेन्यू ही जुनी नावं म्हणताना माणूस आपोआप पोट आत घ्यायचा. आता एन्कोर, एन्क्लेव्ह, एन्व्हिजन, एन्व्हिस्टा! एका घरातल्या चार पोरांना हौसेने एकाच अक्षरावरून नावं ठेवावीत तशी, आणि हाक कोणाला मारली ते कळायला मार्ग नाही. सगळ्या उंच. लांब, बुटकी, डिकीवर आडवं झोपता येईल अशी ब्यूक आता दुकानात मिळतच नाही. मी विचारलं तर विकणारा पोरगा म्हणाला, “आजोबा, बसा जरा, पाणी आणू का?”

युनियनच्या हॉलवर गेलो, तर फाटकाशी आपला कारखान्यातला ड्यूई स्ट्राउड उभा. ‘परदेशी गाड्या ओढून नेल्या जातील’ ही पाटी तिथे अजून आहे, आणि ड्यूईला पाटीपेक्षा जास्त अभिमान आहे. माझ्या गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणतो कसा, “एर्व्या, बिल्ला ब्यूकचा, जन्म कोरियाचा. ठेवू का ओढू? हिच्यासाठी समिती बसवावी लागेल बाबा.”

तर पहिल्या रविवारी एन्कोर घेऊन गेलो. व्हर्ना खिडकीशी कोटाची सगळी बटणं लावून, मांडीवर पर्स घेऊन बसलेली. बाहेर आणून दार उघडलं, तर दोन पावलं मागे सरली.

“मी परक्यांच्या गाडीत बसत नाही. माझा माणूस येतोय.”

“अगं, मीच तो.”

तिने मला न्याहाळलं, मग गाडीला. “हिची भोकं कुठायत?”

भोकं म्हणजे आपली मडगार्डवरची क्रोमची गोल कडी. साध्या ब्यूकला बाजूला तीन, साहेबी ब्यूकला चार. मी जन्मभर कारखान्यात तीच बसवली. दिवसभर लोकांना चार-चार बसवायची आणि संध्याकाळी तीनभोकीतून घरी यायचं. तू फोरमन झालास आणि चारभोकी इलेक्ट्रा आणलीस, तेव्हा आईने ती सगळ्या गल्लीला दाखवली. माझ्या तेव्हाच्या तीनभोकी लसेबरकडे बघून ‘बरी आहे’ म्हणाली.

सुट्या भागांच्या दुकानात चिकटवायची भोकं मिळतात. आणली, ओळीत चिकटवली, स्वतःच्या गाडीला म्हणून सवयीने तीन-तीन. दुसऱ्या रविवारी व्हर्नाने हातमोज्याच्या बोटाने मोजली आणि म्हणाली, “तीनभोकीत मी नाही बसत.” आत निघून गेली. मी घरी येऊन कोबीचे रोल एकट्याने खाल्ले. तिसऱ्या रविवारी चौथं भोक चिकटवून गेलो. तिने मोजलं, पर्स सावरली आणि बसली! घरी येऊन रोल खाल्ले, ताट पावाने पुसून घेतलं, वर मला म्हणाली, “स्वयंपाकीण चांगली ठेवलीस.” तेव्हापासून दर रविवारी येते. एवढंच कळवायचं होतं. वहिनींना नमस्कार. गुडघ्यांना जपणे.

तुझा धाकटा,
एर्विन

ता. क. गाडी धुवायला दिली, त्यात डाव्या बाजूचं एक भोक गळालं. आता मी डावीकडून लसेबर आणि उजवीकडून इलेक्ट्रा आहे. वृद्धाश्रमात गाडी उलटी वळवून लावतो.

ता. क. दुसरा. इथून पुढे मोठ्याने वाचू नकोस.

चार भोकं बघून ती बसली, ती मला कॅझ समजून. आमच्या लग्नाआधीच्या त्या उन्हाळ्यात तू तिला इलेक्ट्रातून तळ्यावर न्यायचास, हे गावाला माहीत होतं आणि मलाही. मग तू बदलीवर गेलास, तिने माझ्याशी लग्न केलं, आणि त्यावर आपण तिघंही कधी बोललो नाही. मला काही खुपत नव्हतं. आता खुपतं. दर रविवारी पूल ओलांडला की ती विचारते, “कॅझ, तुझा धाकटा मागणी घालतोय. काय सांगू त्याला?” मी रस्त्याकडे बघत राहतो. ती वाट बघते, मग आपली आपणच म्हणते, “बरा आहे तो.”

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं तर एवढ्यासाठीच. तुझ्या वाळवंटात गंज चढत नाही, तुझी इलेक्ट्रा अजून झाकून ठेवलेली आहे. ती ट्रकवर चढवून पाठव आणि तू विमानाने ये. इथल्या रस्त्यावर पहिलं मीठ पडायच्या आत ये. तू चालव, मी मागे बसेन. पुलापाशी ती विचारेल. तेव्हा तिला सांग, ‘हो म्हण.’ मीही सांगितलं असतं, पण तुझ्या तोंडाने स्वतःची शिफारस करायला जीभ वळत नाही.

आणि त्या उन्हाळ्यात तिने तुला हे खरंच विचारलं असेल, तर तू तेव्हा काय सांगितलं होतंस, ते मला कळवू नकोस.